घाटात फोन खिशातच राहिला

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझ्या दिवाळीच्या पत्राला मार्चात उत्तर देतो आहे, याची लाज वाटते. गुडघा आहे तसाच आहे, बाकी प्रकृती ठीक. परवा डेक्कन क्वीनमध्ये जे झाले ते दुसऱ्या कोणास सांगितले, तर ‘मग त्यात काय?’ असेच म्हणतील, म्हणून तुला लिहितो.

पेन्शनच्या कामासाठी मुंबईला गेलो होतो. परतताना ५.१०ची आपली गाडी धरली आणि कर्जतच्या आधी डायनिंग कारमध्ये जाऊन बसलो. २०२२ साली डबे बदलले, त्यानंतर तिथे प्रथमच गेलो. चीज टोस्ट मागवला. तू कर्जतच्या दिवाडकरांच्या वड्याची बाजू घेऊन कितीही भांडलास तरी माझे मत बदललेले नाही. कर्जतला मागे घाटात ढकलणारी बँकर इंजिने लागली, तो ओळखीचा धक्का बसला, थोडा चहा बशीत सांडला आणि उतरत्या उन्हात गाडी सावकाश घाट चढू लागली. उरलेला चहा मी गरम असतानाच शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो आणि मला फार बरे वाटले. लोणावळा आले तेव्हा ध्यानात आले, की एकाही बोगद्यात मी फोन काढून पाहिला नव्हता.

आई अंथरुणावर होती ती चार वर्षे मी तो घाट कसा काढत असे, हे तू पाहिले आहेस. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ, त्यात बोगदा आला की रेंज जाई, आणि ती परत येईपर्यंत घरून फोन येऊन गेला असेल या धास्तीने चहा निवून जाई. हिशेब सरळ आहे, आणि तोच मला छळतो: ती असती तर परवाचा चहाही निवला असता. अजून वर्षश्राद्धही झालेले नाही. सौ. म्हणते, ‘दमला होतात हो, दुसरे काही नाही.’ ती मायेनेच म्हणते. पण मला कोणीतरी रागवायला हवे आहे.

नानांच्या तेराव्यानंतर तू आमच्याकडे तीन वाट्या आमरस खाल्लास आणि मग ओट्याशी उभा राहून रडलास. ‘रस बाधला काय?’ असे मी विचारले, म्हणून महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस. तो राग मला परवा लोणावळ्याला कळला. त्या दिवशी रस खरेच गोड लागला होता ना?

मुलीच्या नोकरीचे कळले, आनंद झाला. वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन उरकले का?

१ जूनला पुणे स्टेशनावर गाडीचा वाढदिवस असतो. १९३०पासूनची म्हातारी आहे, तिच्यासाठी तरी ये. सकाळी तिनेच मुंबईला जाऊ, संध्याकाळी तिनेच परतू. खिडकी माझी, कर्जतचे वडे तुझ्या खर्चाने.

आणि हो, घरून येणारा तो फोन बहुतेक वेळा आईचाच असे. ‘कर्जत गेले का रे?’ एवढेच विचारून ती भात लावायला सांगत असे.

तुझा,
अण्णा