एस्टिमेटमध्ये नसलेली ओळ

राजेंद्रनगर, इंदूर
रविवार, सकाळ

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "मामा म्हणतोय, नाले आणि झोपडपट्ट्या शिकायला हॉलंडला कशाला जायचं? मॅनेजमेंटच करायचं तर एमबीए कर. बाबा, तुम्हाला काय वाटतं?" मी "बघू" म्हटलं आणि फोन आईच्या हातात दिला. तुझा आवाज उतरलेला मला कळला होता. पण फोनवर दोन वाक्यांत सांगून होण्यासारखं हे नव्हतं, म्हणून आज चहा झाल्यावर लिहायला बसलो.

तू जावंस असं मला मनापासून वाटतं. का, ते सांगायला मला तीस वर्षं मागे जावं लागेल.

नोकरीला लागून चारेक वर्षं झाली होती. नाल्याकाठच्या एका वस्तीत ड्रेनेज लाइन टाकायचं काम माझ्याकडे आलं. कुठलं खातं, कुठली वस्ती ते लिहीत नाही. लाइन मी जीव ओतून टाकली. दीडशे मिलिमीटरचा पाइप, गल्लीच्या मधोमध, प्रत्येक वळणावर चेंबर. उतार बरोबर मिळावा म्हणून डम्पी लेव्हलवर एकेक रीडिंग स्वतः घ्यायचो. मैला वाहता राहायला पाण्याला सेकंदाला साठेक सेंटिमीटरचा वेग लागतो, नाहीतर गाळ तळाशी बसतो. कागदावर तो वेग मिळत होता.

पण वस्तीत नळ होते तीन, आणि त्यांना पाणी दिवसाआड. दोन हंड्यांत अख्खं घर चालवणारी बाई संडासात बादलीभर पाणी ओतणार कुठून? घरापासून चेंबरपर्यंतचा जोड ज्याचा त्याने आपल्या खर्चाने करायचा होता. तो निम्म्या घरांनी केलाच नाही. झाकणं मुलं सरकवायची, आत चुलीची राख, प्लास्टिकच्या पन्न्या, विटांचे तुकडे जायचे. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला आणि नाल्याचं पाणी लाइनमधून उलटं चढलं. सकाळी सातला मला निरोप आला. गल्लीच्या टोकाला एक विधवा बाई राहायची, दोन खोल्या, पुढच्या खोलीची जमीन शेणाने सारवलेली. त्या सारवलेल्या जमिनीवर चार बोटं मैला साचला होता, आणि कणीक मळायच्या परातीने ती तो उपसून दाराबाहेर टाकत होती. मला बघून ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबूजी, पहले गंदगी दरवाजे के बाहर बहती थी. अब घर में आ गई."

मी ऑफिसात जाऊन लाइन मोकळी करायला माणसं मागितली. फाइल काढली. काम पूर्ण झाल्याचा दाखला लागलेला होता, शेवटचं बिल निघालेलं होतं. एस्टिमेटमध्ये खोदाई होती, पाइप होते, चेंबर, झाकणं, रस्ता पूर्ववत करणं, सगळं होतं. पुढच्या वर्षी ही लाइन साफ कोण करणार आणि कुठल्या पैशाने, याची ओळच नव्हती. ते एस्टिमेट तयार करणाऱ्यांत मीही होतो. शेवटी दुसऱ्या कामावरची दोन माणसं आणून लाइन मोकळी करून घेतली. दोन महिन्यांत ती पुन्हा चोक झाली. त्या बाईने नंतर दाराशी गुडघाभर उंचीचा उंबरा बांधून घेतला, स्वतःच्या पैशाने. पुढे त्या बाजूला गेलो की तो उंबरा मला दिसायचा.

ती ओळ लिहायला मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. तुलाही आर्किटेक्चरला शिकवलं नसेल. तू आता जो विषय घेते आहेस, शहराचं आणि पर्यावरणाचं व्यवस्थापन, तो माझ्या समजुतीप्रमाणे त्या ओळीचाच विषय आहे. पाणी कुठून येतं, किती घरांनी जोड घेतला, न घेणाऱ्याने का नाही घेतला, दहाव्या वर्षी झाकण कोण उघडणार, त्याचा पगार कुठल्या हेडमधून निघणार. एमबीएत हे येत नाही. मामाला ते मी सांगेन.

आता हॉलंडचं. मामाचा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण तू जिथे शिकायला जाणार आहेस ती रॉटरडॅमची संस्था 1958 पासून हेच काम करते आहे. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतली माणसं तिथे येऊन घरं, जमीन, पाणी, कचरा आणि या सगळ्याला लागणारा पैसा यांचा अभ्यास करतात. शेजारच्या बाकावर कंपालाची मुलगी असेल, ढाक्याचा मुलगा असेल. कंपालात बहुतेक घरांना ड्रेनेज लाइन नाहीच, खड्ड्याचे संडास आहेत. ते उपसायचे कुणी आणि गाळ टाकायचा कुठे, हा त्यांचा रोजचा प्रश्न. आपल्याकडे छोट्या गावांत सेप्टिक टँकचं वेगळं काय आहे? मास्तरांपेक्षा तू त्या बाकावरून जास्त शिकशील असा माझा अंदाज आहे. बँकॉकजवळच्या एआयटी या संस्थेचाही विचार तू केला होतास. ते जवळ आहे, हवा आपल्यासारखी आहे, तेही वाईट झालं नसतं. पण डच लोकांकडे एक गोष्ट आहे जी मला स्वतःला बघायला मिळाली असती तर फार आवडलं असतं. त्यांची पाण्याची मंडळं. बांध, कालवे आणि पंप सांभाळण्यापुरती वेगळी मंडळं, त्यांची वेगळी निवडणूक, त्यांचा वेगळा कर, आणि हे तेराव्या शतकापासून चालत आलेलं. समुद्रसपाटीच्या खाली घर असेल तर पंप पुढच्या वर्षी कोण चालवणार हा प्रश्न फाइलीत राहून चालत नाही. ती ओळ त्यांनी सातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. ते मंडळ कर कसा आकारतं ते खोलात जाऊन बघ.

आणि तिथे गेल्यावर इंदूरबद्दल विचारतील तेव्हा सांगण्यासारखं पुष्कळ घेऊन जा. नगररचनाकार पॅट्रिक गेडीस हे नाव तुला तिथे पहिल्या महिन्यातच ऐकायला मिळेल. तो तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून इथे आला होता, प्लेगचे दिवस होते, आणि 1918 मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल निघाला. अहवालापेक्षा मला त्याची दिवाळीची मिरवणूक मोठी वाटते. ज्या गल्ल्या घरं आणि रस्ते सर्वांत स्वच्छ करतील त्यांच्यातून मिरवणूक जाईल, अशी त्याने दवंडी पिटवली, आणि लोकांनी आपण होऊन गल्ल्या झाडून काढल्या. नकाशा काढण्याआधी तो त्या गल्ल्यांतून पायी हिंडला होता. शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डचंही सांग. काडीकचरा आणि शेण थरांनी रचून, ठरलेल्या दिवशी खालीवर करून तीन महिन्यांत खत करायची पद्धत त्याने इथल्या संस्थेत बसवली, आणि जगभर तिला इंदूर पद्धत म्हणतात.

इथल्या अरण्या वसाहतीत आपण दोघं गेलो होतो ते आठवतं? तू अकरावीत होतीस. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी तिथे गरिबांना पूर्ण घर दिलंच नाही. जोतं, संडास, नळ आणि एखादी खोली, बाकीचं ज्याचं त्याने जमेल तसं वाढवायचं. एका घराचा बाहेरून चढणारा जिना बघून तू विचारलं होतंस, "हा नकाशात होता का?" त्या घरच्या आजोबांनी तुला ओट्यावर बसवून सांगितलं की वरची खोली थोरल्याच्या लग्नाच्या वेळी निघाली आणि जिना त्याच्याही नंतर. तू तो जिना वहीत काढला होतास. ती वही माझ्याकडे आहे. 1995 मध्ये अरण्याला आगाखान पुरस्कार मिळाला, पण मला तुझ्या वहीतला तो जिना जास्त मोलाचा वाटतो.

कचऱ्याचं तर सगळं जगच विचारेल. 2017 पासून स्वच्छतेत देशात आपला पहिला नंबर चालला आहे, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा देवगुराडियाचा रोज 550 टनांचा बायो-सीएनजी प्लांट सगळे दाखवतात, तूही दाखव. पण आधी सकाळची गाडी सांग. गाडीबरोबरची ताई आपल्या डब्यात डोकावते, ओल्यात पन्नी दिसली की आईला हाक मारते, आणि आई चक्क खाली जाऊन ती काढून देते. ती गाडी रोज, न चुकता, येते. प्लांट तिच्यावर चालतो.

पाण्याचं मात्र जरा थांबून सांगतो, कारण त्यात माझी उमेदीची वर्षं गेली. 1970 मध्ये इंदूरच्या लोकांनी आंदोलन करून नर्मदा मागितली आणि 1978 मध्ये ती आली. जलूदला उचललेलं पाणी पाचशे मीटरहून जास्त चढवून विंध्याच्या माथ्यावर वाचू पॉइंटला आणतात, तिथून ते आपल्या उताराने इंदूरला येतं. सगळा रस्ता सत्तरेक किलोमीटरचा. म्हणजे आपल्या मोरीत सांडणारा प्रत्येक तांब्या डोंगर चढून आलेला असतो. लोकांना पाइप दिसतो, मला पंपाचं वीजबिल दिसतं. 2023 मध्ये महापालिकेने 244 कोटींचे ग्रीन बाँड काढले ते त्या बिलासाठीच, जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा करायला. साध्या माणसांनीही ते बाँड घेतले. ज्या दिवशी ती बातमी वाचली त्या दिवशी मी आईला म्हटलं, कुणीतरी ती ओळ लिहिली बघ. तिला मी कशाबद्दल बोलतोय ते लगेच कळलं, कारण त्या परातीची गोष्ट मी घरी फक्त तिलाच सांगितली होती. आज तुला सांगतो आहे.

सगळंच गोड सांगू नकोस. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी जाऊन कान्ह नदीकडे बघ, आमच्या तोंडात अजून ती खानच आहे. प्रबंधाला फिल्डवर्क इंदुरात करता आलं तर कर. वस्त्यांमध्ये जा, आणि अधिकाऱ्यांच्या आधी नळावरच्या बायकांशी बोल. हिंदीत बोल, मालवीत चार शब्द बोललीस तर आणखी बरं.

पैशाची काळजी करू नकोस. वरच्या मजल्यासाठी ठेवलेली एफडी मोडायचं आईनेच आधी सुचवलं. बाकी कर्ज काढू, तू नोकरीला लागल्यावर मिळून फेडू. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी ती करून ठेवते आहे. शेव तेवढी मी छप्पन दुकानवरून आणेन.

माझं एकच काम कर. तिथे राहायला लागलीस की तुझ्या गल्लीतलं ड्रेनेजचं झाकण कोण उघडतं ते शोधून काढ. किती माणसं येतात, माणूस आत उतरतो की सगळं मशीन करतं, त्यांचा पगार कोण देतं. झाकण उघडं असताना फोटो काढ आणि पाठव. मी वाट बघतो.

तुझे
बाबा