लोहाची गोळी चालू, तरी रक्त वाढत नाही?

मा. संपादक,

'शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात, तरी मुलाचं रक्त वाढत नाही,' ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नेहमी ऐकू येते. मग टॉनिकची बाटली बदलली जाते. दोष बहुधा बाटलीत नसतो.

शाळेतली गोळी आठवड्याला एक. लहान मुलांच्या गुलाबी गोळीत 45 मिलिग्रॅम लोह, मोठ्या मुलांच्या निळीत 60. हा डोस पांडुरोग (रक्ताची कमतरता) होऊ नये म्हणून आहे. 5 ते 11 वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन साडेअकराच्या खाली असेल, तर औषध रोज लागते, वजनाच्या किलोमागे साधारण 3 मिलिग्रॅम. हिशेब 'एलिमेंटल आयर्न' म्हणजे गोळीतल्या प्रत्यक्ष लोहाच्या आकड्यावर करायचा; 200 मिलिग्रॅमच्या फेरस सल्फेटच्या गोळीत प्रत्यक्ष लोह जेमतेम 60-65 असते. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ग्रॅमने तरी वाढायला हवे.

वाढले नाही, तर आधी गोळी खरोखर पोटात जाते का ते पाहा. शौच काळी झाली की घाबरून औषध बंद करणारी घरे पुष्कळ. लोहाने ती काळी होतेच. चहा किंवा दुधाबरोबर गोळी दिली तर लोह नीट शोषले जात नाही, म्हणून क्षीरभाग्य या सरकारी योजनेत शाळेत मिळणारे दूध आणि गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवा. लिंबू पिळलेल्या उसळीच्या जेवणानंतर दिलेली बरी. (लोहासाठी नाचणी सांगतात; ती चांगलीच, पण तिची खरी ख्याती कॅल्शियमची.) जंताची गोळी वर्षातून दोनदा झाली का, थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष तर नाही ना, मुलींना पाळीत जास्त रक्तस्राव होतो का, हेही तपासावे.

एवढे करूनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जिवाणूचा विचार करावा, त्याआधी नको. त्याची लागण बहुधा लहानपणी घरातूनच होते. त्याच्यामुळे जठराला सूज येते, काही मुलांत आम्ल आणि जठररसातले क जीवनसत्त्व घटते, आणि अन्नातले लोह शोषण्याजोगे होत नाही. पोट मुळीच न दुखताही हे घडू शकते.

इथे लॅबमध्ये या जिवाणूविरुद्धच्या रक्तातल्या अँटिबॉडी (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे) तपासून पैसे घालवू नयेत. जुना, बरा झालेला संसर्गही त्यात दिसतो. शौचातील अँटिजेन (जिवाणूचे अंश) शोधणारी किंवा श्वासाची युरिया चाचणी हवी. त्याआधी ओमेप्रॅझोल-पँटोप्रॅझोल ही आम्ल कमी करणारी औषधे दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावे, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल 'निगेटिव्ह' येतो. उपचाराआधी मुलांमध्ये शक्यतो तोंडातून दुर्बीण घालून जठराची तपासणी (एंडोस्कोपी) करून निदान पक्के करतात. उपचार आम्ल कमी करणारे औषध आणि किमान दोन अँटिबायोटिक, चौदा दिवस. बरे वाटले म्हणून आठव्या दिवशी सोडले, की उरलेले जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. कोर्सनंतर चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करावी. लोह मात्र हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही दोन-तीन महिने चालू ठेवावे, कारण शरीरातला साठा नंतर भरतो.

सीमाभागातल्या मराठी शाळांत गोळ्यांबरोबर डोस, दुधाचे अंतर आणि काळ्या शौचाबद्दल चार ओळींची मराठी चिठ्ठी आरोग्य खात्याने द्यावी, ही विनंती.

— बालआरोग्य क्षेत्रातील काही कार्यकर्ते, बेळगाव