आधी इंजिनाच्या नाकाचा पाइप शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका साक्षगंधासाठी आम्ही चौघं अकोल्याहून वाशीमला निघालो होतो. दुपारचे दोन, बाहेर ४३ अंश, एसी चालू. पातूरच्या घाटात माझी बाराशे सीसीची पेट्रोल गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढेना. अॅक्सिलरेटर पुरता दाबला की पिकअप येण्याऐवजी डब्यात काचेच्या गोट्या हलवाव्यात तसा टकटक आवाज येई. आयटीआयमध्ये तेवीस वर्षं मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवलं आहे, त्यामुळे आवाज लगेच ओळखला. इंजिन नॉक करत होतं. पण याच घाटात हीच गाडी मागच्या उन्हाळ्यात बिनतक्रार चढली होती.

घरी आल्यावर बॉनेट उघडलं आणि कारण समोरच दिसलं. मार्चमध्ये पुढचा बंपर चेपला म्हणून गाडी डेंटिंग-पेंटिंगला दिली होती. एअर फिल्टरच्या डब्याच्या तोंडाला एक काळा प्लास्टिकचा पाइप असतो, तो हेडलाइटच्या मागून वळत पुढच्या जाळीपाशी जातो. तो पाइपच जागेवर नव्हता. कारागिराने बंपर काढताना तो काढला आणि परत बसवलाच नाही. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, ‘त्याची काही गरज नसते सर, गाडी चालू आहे ना?’ गाडी चालू होती हे खरं. पण ती बाहेरची हवा न ओढता बॉनेटखाली तापलेली हवा ओढत होती.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे ओबीडीचं छोटं यंत्र आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचलं की इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान मोबाइलवर दिसतं. आम्ही दोघं दुपारी मूर्तिजापूर रोडला गेलो. बाहेर ४३, सिग्नलला उभं असताना आत ६६. साठच्या वेगाने धावतानाही ५८च्या खाली उतरेना. मग स्पेअर पार्टच्या दुकानातून सव्वाचारशे रुपयांना नवा पाइप आणून बसवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच रस्त्यावर फिरवली. धावताना ४८.

या दहा अंशांनी काय होतं, हे मी वर्गात फळ्यावर मांडत असे. हवा तापली की विरळ होते. हिशोब करताना अंशांत २७३ मिळवायचे. म्हणजे ५८ चे झाले ३३१ आणि ४८ चे ३२१. दर घोटाला साधारण तीन टक्के हवा जास्त. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा ग्रॅमच्या आसपास हवा लागते, म्हणून हवा कमी तर पेट्रोलही कमी आणि ताकदही कमी. पण पेट्रोल गाडीत खरं नुकसान या तीन टक्क्यांहून मोठं असतं. आधीच तापलेली हवा दाबली गेली की मिश्रण ठिणगीच्या जोरावर शांतपणे न जळता भलत्या वेळी भडकतं. हेच नॉकिंग. ते सेन्सरला कळलं की कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण घाटात दम जातो. मला पातूरला जाणवलं ते हेच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो, कारण पोरं ती आशा धरून पैसे घालतात. हवा थंड झाली म्हणून अॅव्हरेज वाढत नाही. गावात अर्ध्या अॅक्सिलरेटरवर फिरताना फरक कळणारही नाही. फायदा दिसतो तो घाटात, भरल्या गाडीत, ओव्हरटेक करताना.

हे पत्र लिहिण्याचं कारण माझा पुतण्या. त्याने नऊ हजार रुपये देऊन फिल्टरचा सगळा डबाच काढला आणि तिथे उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवून घेतला. ‘काका, आवाज पाहा ना कसा येऊन राहिला!’ म्हणत गाडी दाखवायला आला. आवाज वाढला होता, कारण तो दाबून धरणारा डबाच गेला होता. ओबीडी लावलं तर उभ्या गाडीत ७१. तो फिल्टर रेडिएटरच्या पंख्यामागे, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून (इंजिनातला जळका धूर गोळा करणाऱ्या तापट नळ्यांपासून) वीतभर अंतरावर उघडा बसलेला. कंपनीने दिलेला डबा दिसायला ओबडधोबड असतो, पण हवा बाहेरून आणायची आणि आतली उष्णता दूर ठेवायची ही दोन्ही कामं तो करतो. त्याला नऊ हजार देऊन निरोप द्यायचा, हे पाहून मला फार वाईट वाटलं.

घरच्या घरी करायचंच असेल तर पाइप जागेवर आहे ना, डब्याच्या चारही क्लिपा घट्ट बसतात ना, झाकणाचं रबर फाटलेलं नाही ना, हे आधी पाहा. त्यानंतर आडोसा. मी एक मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा कापून मॅनिफोल्ड आणि फिल्टरचा डबा यांच्यामध्ये उभा केला. दोन्हीकडे बोटभर जागा सोडली, कारण पत्रा डब्याला टेकला की तोच तापून डबा तापवतो. कडांना रबरी बीडिंग लावलं, पत्रा नटबोल्टने आवळला. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून आणि फिरत्या बेल्टपासून तो लांब हवा. फिल्टरच्या डब्यापासून इंजिनात हवा नेणाऱ्या होजच्या, इंजिनाकडच्या अंगाला चांदीसारखी चमकणारी फॉइल टेप गुंडाळली. सिग्नलला उभं असताना यामुळे तीन अंश उतरले, धावताना जवळजवळ काही नाही. तीनच अंश आहेत, पण खर्च दोनशेच्या आत आला. पत्र्याऐवजी थर्मोकोल, फोम किंवा गोणपाट मात्र कुणी लावू नये. मॅनिफोल्डजवळ ते पेट घेतं.

डिझेल टर्बोवाल्यांनी आधी इंटरकूलर पाहावा. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती शंभर अंशांच्या वर सहज जाते, आणि तिला निववायचं काम या जाळीचं. आमच्या भागात कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवर रुईचे तंतू उडत असतात. ते, वर मेलेले किडे आणि त्यावर धूळ, असा फेल्टसारखा थर जाळीवर बसतो. एका प्रवासी गाडीचा तो थर मी बोटांनी अक्षरशः सालीसारखा सोलून काढला आहे. इंजिन थंड असताना साध्या नळाच्या पाण्याने, जमल्यास मागून पुढे धुवा. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने जाळीच्या पात्या दुमडतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. ज्या गाड्यांच्या बॉनेटवर हवेसाठी भोक असतं आणि त्याखाली इंटरकूलर असतो, त्यांची मधली फोमची गादी काही वर्षांनी भुगा होते. मग हवा जाळीतून न जाता बाजूने निसटते. ती गादी बदलणं सोपं आहे आणि स्वस्तही.

दोन उद्योग करू नका. एका पोराने कूलरच्या वाळ्याचा तुकडा ओला करून फिल्टरच्या तोंडाशी बांधला. विदर्भाच्या कोरड्या हवेत ही कल्पना चालते, पहिली दहा मिनिटं पाच अंश उतरलेही. पण नंतर फिल्टरचा कागद ओला होऊन घड्या एकमेकींना चिकटल्या, इंजिनाला श्वास मिळेना आणि वाळ्याच्या काड्या डब्यात सापडल्या. दुसऱ्याने बॉनेटच्या बिजागरीखाली वॉशर घालून मागची बाजू उचलली, गरम हवा बाहेर जावी म्हणून. धावत्या गाडीत पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा नीट निघत नाही. उलट इंजिनाचा धूर-वास तिथल्याच जाळीतून केबिनमध्ये येतो.

आणि पीव्हीसीचा पाइप. फिल्टरपासून थेट बंपरच्या खाली, फॉगलाइटच्या भोकापर्यंत नेलेला, ही सगळ्यात धोक्याची गोष्ट. आज ऊन आहे म्हणून त्याचं काही वाटत नाही. जूनमध्ये रेल्वेपुलाखाली दीड फूट पाणी साचलं की तो पाइप पाणी ओढतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि त्याला ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या पाण्यात मुंबईतल्या कितीतरी गाड्यांची इंजिनं अशीच गेली. कंपनी हवेचं तोंड वर ठेवते ते याचसाठी. साध्या विमा पॉलिसीत असं नुकसान सहसा भरून मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. ज्यांनी असा पाइप बसवला असेल त्यांनी पहिल्या पावसाच्या आत तो काढावा, ही हात जोडून विनंती.

गॅरेजवाल्यांनाही एक विनंती. त्यांत माझे विद्यार्थी बरेच आहेत. बंपरचं काम झालं की ‘एअर पाइप बसवला’ अशी एक ओळ बिलावर लिहा. ग्राहक बॉनेट उघडून पाहत नाही, तो तुमच्या भरवशावर गाडी घेऊन जातो.

पुतण्याने जुना डबा टाकून दिला नव्हता. गेल्या रविवारी माळ्यावरून काढला, आम्ही दोघांनी तो धुऊन वाळवला. एक क्लिप तुटलेली आहे, दुकानदाराने बुधवारपर्यंत आणून देतो म्हणून सांगितलं आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, अकोला