शस्त्राचा क्रमांक शस्त्राबरोबर प्रवास करू द्या: केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

शस्त्रे आणि दारूगोळा हा विषय राज्यघटनेच्या केंद्रसूचीत आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. शस्त्र अधिनियमात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा एका परवानाधारकाकडच्या शस्त्रांची मर्यादा ३ वरून २ झाली आणि परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षे झाली. त्यावर खूप चर्चा झाली. विक्रेत्याच्या दुकानातून निघालेले शस्त्र धारकाच्या परवान्यावर चढेपर्यंत जो प्रवास करते, त्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही. या प्रवासात माणसाची नोंद पक्की होते, शस्त्राची कच्ची राहते. आमची तक्रार एवढीच आहे आणि ती गंभीर आहे.

शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसमधला यूआयएन, म्हणजे एकमेव ओळख क्रमांक, परवानाधारकाचा असतो. शस्त्र मात्र हात बदलत राहते. धारक वारतो, वारस ते विकतो, विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यात पाठवतो. या सगळ्यातून माग काढायचा तर शस्त्रावर ठोकलेल्या क्रमांकाशिवाय दुसरे साधन नाही, आणि नेमका तोच उतरवताना चुका होतात.

१२ बोअरची जुनी विलायती दुनळी घ्या. तिचा क्रमांक सहसा तीन ठिकाणी असतो: चापाच्या कमानीवर किंवा तिच्या शेपटीवर, नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर आणि नळ्यांखालच्या पुढच्या लाकडातल्या लोखंडावर. नळ्या उतरवल्याशिवाय शेवटचे दोन दिसतच नाहीत. कधीकाळी नळ्या बदलल्या असतील तर हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. शेजारीच पेटंटचा आकडा, नळीच्या चाचणीचे शिक्के, काडतुसाच्या घराची लांबी, असे बरेच काही कोरलेले असते. एका कार्यालयात कमानीवरचा आकडा लिहिला जातो, दुसऱ्यात नळीवरचा, तिसऱ्यात पेटंटचा. इंग्रजी ओ आणि शून्य यांची अदलाबदल होते, देवनागरीत उतरवताना पुढची अक्षरे गळतात. बंदूक एकच, पण कागदावर तिच्या तीन बंदुका होतात.

याचा फटका प्रामाणिक माणसाला बसतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे क्रमांक नसलेले किंवा क्रमांक खोडलेले शस्त्र ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच तो खोडला असे गृहीत धरले जाते. उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. पण उथळ ठोकलेला जुना क्रमांक गंज घासताना, पॉलिश करताना किंवा पुन्हा ब्ल्यूइंग (धातूवर गंजरोधक निळसर थर चढवणे) करताना आपोआप पुसट होतो. अमेरिकेत क्रमांकाची खोली किमान ०.००३ इंच आणि उंची किमान १/१६ इंच असावी असा नियम आहे. आपल्याकडेही नव्या शस्त्रांसाठी खोली आणि उंची आकड्यांत ठरवून द्यावी. जुन्यांसाठी पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी तिन्ही जागांची छायाचित्रे घेऊन ती नोंदीला जोडावीत. क्रमांक पुसट असेल तर परवानाधारक कार्यशाळेकडून दुसऱ्या जागी जादा क्रमांक ठोकून द्यावा. जुन्यावरच पुन्हा ठोकू देऊ नये, कारण ठशाखालच्या दबलेल्या धातूवरून न्यायवैद्यक प्रयोगशाळेला मूळ आकडा वाचता येतो, आणि वरून ठोकले की ती शक्यता संपते.

खाजगी विक्रीत कलम ५ विकणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायला सांगते. त्यातला ‘किंवा’ आम्हाला खटकतो. खरेदीदार दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर सूचना त्याच्या परवाना अधिकाऱ्याकडेही त्याच दिवशी गेली पाहिजे. तसे झाले तरच त्या ४५ दिवसांत खरी पडताळणी होईल.

आता पाठवणीविषयी. खोके हरवले की पाठवणारा समजतो माल पोचला, घेणारा समजतो अजून निघालाच नाही, आणि दोघेही वाट पाहतात. अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे वाहतूकदाराने घेणाऱ्याची लेखी पोच घेतल्याशिवाय शस्त्र सोपवायचे नाही, खोक्यावर आत शस्त्र असल्याची चिठ्ठी लावण्याची सक्ती करायची नाही, आणि वाटेत हरवले तर पाठवणाऱ्या विक्रेत्याने कळल्यापासून ४८ तासांत कळवायचे. या तिन्ही गोष्टी इथेही चालतील. त्यात आमची एक भर आहे, वजनाची. वाहतूकदाराकडे सोपवताना खोक्याचे ग्रॅमपर्यंत वजन आणि सीलचा क्रमांक पाठवणीच्या कागदावर लिहावा, पोच देताना पुन्हा वजन करावे, आणि फरक दिसला तर खोके पंचांसमोरच उघडावे. शस्त्र आणि काडतुसे वेगळ्या खोक्यांत असावीत. सुटी नळी, सिलिंडर हेही कायद्याच्या व्याख्येत शस्त्रच आहेत, तेव्हा त्यांनाही क्रमांकासह वेगळी ओळ हवी. ‘इतर सामान’ म्हणून ते जाता कामा नयेत.

काडतुसांची अडचण निराळी. काडतुसाच्या बुडावर बनवणाऱ्याची खूण आणि बोअर असते, लॉट क्रमांक, म्हणजे एकत्र बनवलेल्या खेपेचा क्रमांक, मात्र पाकिटावर. २५चे पाकीट फोडून १० विकली की लॉटचा धागा तिथेच तुटतो. म्हणून विक्रीच्या पावतीवर आणि परवान्यावरच्या नोंदीत संख्येशेजारी लॉट क्रमांक लिहिणे बंधनकारक करावे. वरणगाव आणि खडकीचे कारखाने आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत. पाकिटावर वाचता येईल असा कोड छापण्याची सुरुवात सरकारला स्वतःच्या घरातून करता येईल.

राहिला प्रश्न नोंदवह्या किती काळ ठेवायच्या याचा. लहान शस्त्रांचा माग काढण्याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००५च्या दस्तऐवजात नोंदी शक्यतो कायम, आणि निदान उत्पादनाच्या नोंदी ३० वर्षे व इतर नोंदी २० वर्षे ठेवण्यास सांगितले आहे. बंदूक त्याहून जास्त टिकते. दुकान बंद झाले की वह्या परवाना अधिकाऱ्याकडे जमा होऊन त्यांचे स्कॅनिंग व्हावे, आणि शोध धारकाच्या नावाने जसा घेता येतो तसाच शस्त्राच्या क्रमांकानेही घेता यावा.

यातल्या बहुतेक गोष्टींसाठी संसदेत जावे लागणार नाही. कलम ४४ खाली नियम करण्याचा अधिकार आपल्या सरकारकडे आहे. क्रमांकाची छायाचित्रे आणि पोचेच्या वेळचे वजन, निदान या दोन अटी शस्त्र नियम २०१६ मध्ये घालण्याचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध करावा, अशी आमची विनंती आहे.

आपले,
शस्त्र-नोंदी आणि परवान्यांच्या कामातले काही जाणकार