माळ्यावरची शिसवी फळी

शहापूर, बेळगाव
श्रावण

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर निम्मं बोलणं पावसात गेलं. तिकडं जांबोटीला रेंज नाही, आई माझं पुरतं ऐकून घेत नाही आणि बाबा फोन कानाला लावतच नाहीत. म्हणून सरळ लिहून पाठवतोय. आई, हे बाबांना वाचून दाखव आणि मधले आकडे गाळू नकोस. आकडे त्यांच्यासाठीच आहेत.

पहिलं म्हणजे, नोकरी सोडलेली नाही. काकूनं तुला सांगितलं त्यातलं खरं एवढंच, की रात्री जेवण झालं की मागच्या पडवीत रंधा चालतो. साडेनवाला बंद करतो. मी गिटार बनवतोय, इलेक्ट्रिक. "दुकानात मिळत नाही काय रे?" असं तू विचारलंस. मिळते की. खरं मला ती बनवायचीच आहे.

मिरजेला सतारमेकर गल्लीत तू सतारी बघितल्या आहेस. तिथं सगळी मदार भोपळ्यावर. पंढरपूरकडचे भोपळे आणायचे, वाळवायचे, त्यावर तबली, म्हणजे लाकडी झाकण, बसवायची, मग आत आवाज घुमतो. (त्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली जीआय मानांकन मिळालं, बरं का.) माझ्या गिटारीत पोकळ काहीच नाही. पावणेदोन इंच जाडीचं भरीव लाकूड. नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जायची नाही, तेव्हा गल्लीत बोंब झाली असेल तर ती रंध्याची. तारा स्टीलच्या असतात आणि त्यांच्याखाली लोहचुंबक, त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात बारीकसा करंट येतो. तोच ॲम्प्लिफायरनं मोठा करायचा. बाबा, डायनॅमोचंच तत्त्व.

हे वेटोळं, म्हणजे पिकअप, मी इथंच गुंडाळलं. आपल्याकडं शेतातल्या पंपाच्या मोटरी रिवाइंड करणारे काय कमी आहेत? त्यातल्या एका मामांकडं काउंटर लावलेलं हाताचं वाइंडिंग मशीन आहे, ते रविवारी वापरायला देतात. मी तार पुढं केली तर चष्मा वर करून म्हणाले, "इदु कूदल ऐती, तंती अल्लऽ!" हा केस आहे, तार नव्हे! खोटं नाही. जाडी 0.063 मिलिमीटर, खरंच केसाएवढी. छताच्या पंख्याची तार त्यांना आजवर सगळ्यात बारीक वाटायची, ही तिच्याही निम्म्याहून बारीक. असे साधारण आठ हजार वेढे घालायचे. बोटांत फेल्टचा तुकडा धरून तार त्यातून सोडायची, जोर जरा जास्त झाला की तुटलीच. मामांनी आधी चेष्टा केली, मग दुकान बंद करायची वेळ झाली तरी स्टूल ओढून बसून राहिले. शेवटी मल्टिमीटर लावला तर सहा किलोओमच्या आसपास रीडिंग आलं. यायला हवं तेवढंच.

बाबा, तुम्ही म्हणाल, तुला धड वाजवता येत नाही आणि बनवायला निघालास. लिओ फेंडरचं ऐका. अमेरिकेत कॅलिफोर्नियात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिटार त्याला शेवटपर्यंत वाजवता आली नाही. पण 1954 साली त्याच्या कारखान्यातून जी स्ट्रॅटोकास्टर निघाली, तिचीच नक्कल आज जगभर चालते. त्याचा विचार दुरुस्ती करणाऱ्याचा होता. गिटारीचा दांडा, म्हणजे नेक, खोडाला, म्हणजे बॉडीला, सरसानं कायमचा न चिकटवता चार स्क्रूंनी बसवायचा, खराब झाला की काढून दुसरा लावायचा. उद्यमबागेतल्या कारखान्यात तुम्ही जिग-फिक्स्चर, म्हणजे काम पकडायचे साचे, ज्या हिशेबानं करायचा, तोच हिशेब. मीही चार स्क्रूच घेतलेत.

लाकडाचं सांगतो. खोड फणसाचं. पहिली फळी एका वखारीतून घेतली होती, "पूर्ण वाळलेली आहे" म्हणून शपथेवर दिली. पंधरवड्यात तिला असा पीळ पडला की टेबलावर ठेवली तर एक कोपरा वर. मग एका पाडलेल्या घराचं जुनं लाकूड मिळालं, त्यातून फणसाच्या दोन फळ्या मधोमध जोडल्या. रंधा मारला की आतून हळदीसारखा पिवळा रंग निघतो, पुढं तो तांबूस होत जाईल. लोक सांगतात, अमुक लाकडानं अमुक आवाज येतो. सतारीबाबत असेल, वीणेबाबत असेल. या गिटारीत पिकअपला दिसते ती तार, लाकडाचा वाटा असला तर थोडा. मी फणस घेतला तो हलका, स्थिर आणि समोर होता म्हणून. दांडा सागवानी, जुन्या चौकटीतला. त्याच्या पोटात खाच पाडून लोखंडी ट्रस रॉड घातलाय, कारण सहा तारा सुरात ओढल्या की मिळून 45 किलोंच्या वर ताण येतो आणि नुसतं लाकूड हळूहळू पुढं वाकतं. रॉडच्या टोकाला ॲलन की लावून तो बाक मागं घ्यायचा.

आता खरं काम. त्या दांड्यावर एक पातळ पट्टी चिकटवायची, फ्रेटबोर्ड. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारीत पडदे लाकडात ठोकून कायमचे बसवायचे, म्हणजे जागा चुकली की चुकली. तुमची भजनी मंडळाची पेटी आणि ही एकाच जातीच्या, आई. सप्तकाचे बारा सारखे भाग करून सूर जागच्या जागी खिळवलेले. फरक एवढाच, की इथं तार बोटानं बाजूला ओढली तर सूर थोडा चढवता येतो, मींडेसारखा. तेवढी पळवाट पेटीला नाही.

बाबा, हिशेब असा. तारेची वाजणारी लांबी 648 मिलिमीटर. तिला 17.817 नं भागायचं, आले 36.37. तिथं पहिला पडदा. उरली लांबी 611.63, तिला पुन्हा 17.817 नं भागायचं, आले 34.33. तिथून पुढं दुसरा. असं करत बारावा पडदा बरोबर निम्म्यावर, 324 वर यायला हवा. आला नाही तर कुठंतरी भागाकार चुकलाय. आणि खुणा करताना एका पडद्यावरून दुसरा मोजायचा नाही, सगळ्या एकाच टोकापासून मोजायच्या, नाहीतर चूक साठत जाते. "एकच डेटम धर" म्हणून तुम्ही मला किती वेळा ओरडला होता! स्टीलची पट्टी आणि मार्किंगची सुई तुमचीच वापरतोय. पडद्याची तार जर्मन सिल्व्हरची. नावात चांदी, आत तांबं, निकेल आणि जस्त.

पट्टी कशाची, यासाठीच एवढं लांबण लावलं.

चुलीवरच्या माळ्यावर आजोबांच्या वेळची शिसवी फळी आहे. जुनं घर उतरवलं तेव्हाची. बाबा ती देव्हाऱ्यासाठी राखून आहेत हे मला ठाऊक आहे, आणि इतकी वर्षं देव्हारा झालेला नाही हेही ठाऊक आहे. मला त्यातली 20 इंच लांब, पावणेतीन इंच रुंद, रंधून 7 मिलिमीटर उरेल एवढी एकच पट्टी हवी. बाकी सगळी देव्हाऱ्याला. शिसव कठीण, अंगचीच तेलकट. बोटांनी झिजत नाही आणि वर पॉलिश लागत नाही. जगातल्या मोठमोठ्या गिटार कंपन्या आपल्या सह्याद्री-निलगिरीकडची शिसव मागवतात, ब्राझीलची मिळेनाशी झाल्यापासून तर जास्तच. 2017 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. आपल्याकडं तर स्वतःच्या मालकीतलं झाडही वनखात्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. वखारीत जी "शिसव" म्हणून दाखवतात ती कुठून आली विचारलं की दुकानदार चहा मागवतो. म्हणून आपल्याच घरची, चुलीच्या धुरात वाळलेली, कुणाचं काही न लुबाडलेली फळी मला हवी.

दुसरी मागणी बाबांकडं. पडदे ठोकून झाले की सगळ्यांचे माथे एका पातळीत आणायचे असतात. मार्करनं माथे रंगवायचे, सरळ पट्टीवर पॉलिश पेपर चिकटवून हलक्या हातानं फिरवायचा. रंग गेला तो उंच, राहिला तो खोल. तुम्ही सपाटी तपासायच्या सरफेस प्लेटला निळं लावून जे करायचा तेच, फक्त इथं पडद्यांखाली श्वास घेणारं लाकूड आहे. एक पडदा केसभर उंच राहिला तरी त्याच्या मागच्या पडद्याशी बोट दाबलं की तार खरखरते. नंतर सातव्या पडद्यावर तार आणि पडदा यांत 0.2 मिलिमीटरची फट ठेवायची, फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घालून. हे मी करीन, जमेल तसं. पण तुम्ही शेजारी बसलात तर नीट होईल. "आता हात चालत नाहीत" हे मला सांगू नका, गेल्या मे महिन्यात पंपाचं फूट व्हॉल्व्ह कुणी खोललं ते काकानं सांगितलंय.

घाई नाही. पावसात चपड्याचं पॉलिश पांढरं पडतं, म्हणून रंगकाम दसऱ्यानंतरच. गौरी-गणपतीला मी येतोय, येताना कुंदा आणतो, आणि जाताना फळी घेऊन जातो. पट्टी चिरायच्या आधी ती महिनाभर इथल्या हवेत ठेवावी लागेल. दसरा झाला की बाबांनी खानापूरहून सकाळची बस धरावी, मी स्टँडवर येतो. आई, तू पण ये. मंडळाचं भजन एक आठवडा चुकलं तर विठोबा रागवत नाही.

तोवर एवढं करा. फळी माळ्यावरून काढून पडवीत उभी करा आणि खालच्या टोकाला वाळवी लागलीय का ते बघा. काकाला पाटासाठी फळी हवीये असं कानावर आलंय, त्याला ही दाखवू नका. आणि बाबांचा फीलर गेज लोखंडी पेटीत असेल, त्यातली 0.05 ची पाती गंजली असेल तर कळवा, मी इथून नवा सेट घेतो.

तुमचा,
धाकटा