ॲक्रिलिकची बाटली फ्रीझरमध्ये नको

महोदय,

तान्हा पोळा झाला की लाकडी नंदीबैल रंगवून उरलेल्या ॲक्रिलिक रंगाच्या बाटल्या घरोघरी जपून ठेवतात. उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली त्या आळतात, म्हणून बरेच जण फ्रिजमध्ये ठेवतात. दारातल्या कप्प्यात ठेवायला हरकत नाही. पण एका दाराच्या फ्रिजमध्ये बाटली फ्रीझरला किंवा त्याच्या लगेच खालच्या ट्रेमध्ये गेली, की रंग कामातून गेलाच समजा. आपल्याकडच्या थंडीत रंग सहसा गोठत नाही, गोठतो तो इथे.

ॲक्रिलिकमध्ये पॉलिमरचे, म्हणजे प्लास्टिकसारख्या द्रव्याचे, अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. साबणासारख्या द्रव्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. बर्फ धरू लागला की नुसते पाणी तेवढे गोठते; कण उरलेल्या फटींत दाबले जाऊन कायमचे चिकटतात. वितळल्यावर बाटलीत फाटलेले दूध दिसते: वर पाणी, खाली रंगीत चोथा. मग पाणी घालून घोटा नाहीतर फडक्यातून गाळा, उपयोग नाही. रंग धरून ठेवणारे पॉलिमर चोथ्यातच राहते आणि गाळलेला रंग वाळल्यावरही ओल्या बोटाला लागतो.

गोठलेली बाटली उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवू नये. दिवसभर सावलीत ठेवून काडीने सावकाश ढवळावी. कागदावर एक पट्टा ओढून पूर्ण वाळू द्यावा. कणी लागली नाही आणि ओल्या बोटाने रंग निघाला नाही, तर तो वाचला; काही रंगांत ग्लायकॉल हे गोठण्यापासून जपणारे द्रव्य असते, त्याची ही कृपा. पण दर वेळी गोठताना नुकसान वाढतच जाते. बिघडलेला रंग नालीत ओतू नये, वाळवून कचऱ्यात टाकावा. पोस्टर रंग गोंदाचे असतात, ते बहुधा ढवळून पुन्हा वापरता येतात.

हिवाळ्यात पहाटे पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा बाटली सुखरूप असते, पण रंगवू नये. रंग वाळताना हेच कण एकजीव होऊन थर धरतो; इतक्या गारठ्यात ते एकजीव होत नाहीत. थर वाळल्यासारखा दिसतो आणि पुढे भुगा होऊन निघतो. ११ ते ३ ची वेळ बरी.

ठेवायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत, जमिनीवर, माठाच्या बाजूला. झाकणाचे आटे पुसून घट्ट लावावेत.

‘गोठू देऊ नये’ ही सूचना बाटलीवर असलीच तर बारीक इंग्रजी अक्षरांत असते. कंपन्यांनी ती मराठीत छापावी, आणि तोवर तालुक्याच्या स्टेशनरी दुकानदारांनी बाटली देतानाच तोंडी सांगावी, ही कळकळीची विनंती.

– एक चित्रकला शिक्षक, जि. वर्धा