सकाळचं तेवढं

प्रिय मनू,

काल तुझ्या मैत्रिणीचा फोन आला. प्रयोगशाळेत तुला चक्कर आली, तू पडलीस, हे तिच्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही. रागावणार नाही असं बाबांना कबूल करून लिहायला बसले आहे.

हिमोग्लोबिन ९.४. बायकांचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय, हे तुला मी काय सांगायचं? सुट्टीत तू म्हणाली होतीस, "आई, एकच पान तीनदा वाचते तरी डोक्यात शिरत नाही, मी मठ्ठ झालेय." मी म्हटलं, झोप काढ. मठ्ठ नव्हतीस गं, प्राणवायूच पुरेसा पोचत नसणार. तुझ्या पापणीची आतली कड फिकी दिसली होती मला. उजेडामुळे वाटतंय, म्हणून सोडून दिलं.

त्या दिवशी सकाळी काय खाऊन गेली होतीस? नुसता चहा ना? रात्रभराच्या उपाशीपोटी यकृतातली साठवलेली साखर बरीचशी उतरलेली असते. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण स्वस्थ बसलो तरी लागणाऱ्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. आणि तू त्याच्याकडून उपाशी अभ्यास करून घेणार, वर पळायलाही जाणार! चहा जेवणाला चिकटून घेऊ नकोस, डाळी-पालेभाज्यांतलं लोह तो अंगी लागू देत नाही. मध्ये तासभर जाऊ दे. लोहाची गोळीही चहाबरोबर नको. जेवणात लिंबू पिळलंस तर तेच लोह जास्त लागू पडतं.

झालं माझं व्याख्यान सुरू. माफ कर.

तो निळा डबा अजून आहे, झाकणावर तू खिळ्याने 'म' कोरलेला. शाळेतून भरलेला परत आला की मी चिडायचे आणि तू म्हणायचीस, "खेळताना भूकच लागत नाही." तेव्हा निदान झाकण उघडून बघता तरी यायचं मला.

आठशे मीटर पळतेस, अभ्यास सांभाळतेस, सगळं एकटीने. बाबा येईल त्याला सांगत असतात. पण वेळ कमी करायची म्हणून वजन उतरवत नाहीस ना? काल रात्री हेच डोक्यात फिरत होतं. ताईआजीचं तू पाहिलं आहेस, मी पुन्हा काढत नाही.

पाळीत जास्त जात असेल तर डॉक्टरांना सांग, लाजू नकोस. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, घाबरू नकोस. आणि हिमोग्लोबिनचा आकडा चढला म्हणून आपल्या मनाने थांबवू नकोस. आतला साठा भरायला पुढेही काही महिने लागतात.

उद्या सातला फोन करते. खाल्लंस का, असं विचारणार नाही. तू आपणहून सांगितलंस तर मात्र बरं वाटेल.

तुझी,
आई